जुन्या ट्रकचे पाटे काढून हवेचे फुगे बसवायचे आहेत? मग आधी पाटा काय काय करतो ते बघा

टाटा-मर्सिडीज, बेडफर्ड, फार्गो, शक्तिमान असा एखादा जुना ट्रक मालकाने हौसेने उभा केलेला असतो. इंजिन गुणगुणतं, रंग चकाकतो, केबिनमध्ये नवी गादी असते. मग तो रिकामा ट्रक सिमेंटच्या रस्त्यावर पन्नासच्या आसपास धावायला लागतो आणि आतला माणूस दर दीड-दोन चौकांनी पाठ चोळतो. व्होल्वो बसने नागपूर-पुणे केलेल्या कोणालाही हवेवर चालणारी गाडी म्हणजे काय ते ठाऊक असतं, त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘पाटे काढून बलून टाकले तर?’

टाकता येतात, आणि नीट टाकले तर फरक जमीन-अस्मानाचा पडतो. पण ट्रकचा पाटा (लीफ स्प्रिंग) एकाच वेळी तीन कामं करतो. तो वजन झेलतो. तो मागचं हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं लोखंडी कवच) चेसिसखाली जागेवर धरून ठेवतो, मग ब्रेक लागो, गिअर पडो की वळण येवो. आणि पाट्यावर पाटा घासून तो उसळी जिरवतो. हवेचा फुगा यातलं फक्त पहिलं काम करतो. उरलेली दोन कामं तुम्हाला लोखंड आणि शॉकअप लावून वेगळी उभी करावी लागतात. कामातला निम्म्याहून जास्त खर्च आणि जवळजवळ सगळा धोका तिथेच आहे. फुगा हा त्यातला सोपा भाग.

ट्रक नेमका का आपटतो

ट्रकचे पाटे भरलेल्या मालासाठी बनवलेले असतात. सात-आठ टन माल उचलणारा पाटा रिकाम्या हौद्याखाली जेमतेम दबतो. स्प्रिंग उभ्या वजनाने किती दबते, त्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा डोलणार हे काढायचं सोपं गणित आहे: ५ ला दबण्याच्या सेंटिमीटरच्या वर्गमुळाने भागायचं. पाटा ३ सेंटिमीटर दबत असेल तर ५ भागिले १.७३, म्हणजे सेकंदाला सुमारे २.९ डोल. तोच १२ सेंटिमीटर दबला असता तर १.४. चालताना आपलं शरीर साधारण दीड-दोनच्या तालात वरखाली होत असतं, म्हणून १.४ आपल्याला सुखाचं वाटतं. तीनकडे सरकलं की पोटात कालवाकालव होते. युरोपात पाट्याच्या सस्पेन्शनला हवेच्या बरोबरीचं मानायचं तर डोल सेकंदाला २ च्या वर जाता कामा नये, अशी अट आहे.

आता हे नागपूरच्या रस्त्यावर ठेवून बघा. सिमेंटच्या रस्त्याला आडवे जोड असतात, साधारण साडेचार मीटरवर एक. तुमच्या गल्लीतल्या रस्त्याचे पावलांनी मोजा, थोडं इकडेतिकडे निघेल. सेकंदाला २.९ वेळा डोलणाऱ्या ट्रकला दर डोलाला एक जोड मिळायचा असेल तर वेग हवा २.९ गुणिले ४.५, म्हणजे सेकंदाला १३ मीटर, ताशी सुमारे ४७ किलोमीटर. झोक्याला नेमक्या वेळी धक्का द्यावा तसा प्रत्येक जोड ट्रकला पुढची उसळी देतो. शहरातला ट्रकचा नेहमीचा वेग तोच, म्हणून त्रास तिथेच सगळ्यात जास्त जाणवतो. हाच ट्रक १.४ वर आणला तर ती गाठ ताशी २३ ला पडते. त्या वेगात जोडाचा धक्काच मुळात बारीक असतो.

हे वाचून लगेच फुगे मागवू नका. पुढच्या तीन पायऱ्यांना जेमतेम एक दिवस आणि थोडं ग्रीस लागतं, आणि बऱ्याच ट्रकांचं दुखणं तिथेच निम्मं होतं.

१. धरमकाट्यावर न्या

वाडी, कळमना, कामठी रोड, कुठलाही चालेल. तीन वजनं घ्या: फक्त पुढची चाकं काट्यावर, पूर्ण ट्रक, आणि फक्त मागची चाकं. डिझेलची टाकी नेहमी असते तेवढी भरलेली ठेवा, हौद्यात जे कायम राहतं (जॅक, स्टेपनी, पेटी) ते राहू द्या. पावत्या सांभाळून ठेवा.

समजा मागच्या ॲक्सलवर रिकाम्या ट्रकचं वजन १,६०० किलो भरलं. यात हाउसिंग, ड्रम, चार टायर, डिस्क हे सगळं आहे, आणि ते स्प्रिंगच्या खाली असतं. त्याचे ६०० किलो वजा केले तर स्प्रिंगवर उरतात १,०००, दर बाजूला ५००. पुढचं सगळं गणित या ५०० वर चालतं. अंदाजाने ‘दोन टन धरा’ म्हणून घेतलेला फुगा हमखास चुकीचा निघतो.

२. पाटा किती दबतो ते मोजा

सपाट जागेवर ट्रक उभा करा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावा. हौद्यावर दोन माणसांनी उड्या मारून पाटे मोकळे करा आणि चेसिसच्या खालच्या कडेपासून हाउसिंगपर्यंतचं अंतर खडूची खूण करून मोजा. मग चेसिसखाली जॅक लावून हळूहळू उचला. चाकं जमिनीवरच राहू द्या. शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी झुलती कडी) हाताने हलवून ढिली लागली की थांबा आणि पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे तुमचं दबणं. घोडी (वजन पेलणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली वाकू नका. नुसत्या जॅकवर उभ्या ट्रकखाली शिरणं हा शहाणपणा नाही.

३. पाटे उघडा, टायरची हवा बघा

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रकचे पाटे गंजून एकमेकांना चिकटलेले असतात. मग नऊ पाटे वेगवेगळे न वाकता एकच जाड लोखंडी पट्टी असल्यासारखे वागतात. दुसऱ्या पायरीत दबणं एक-दीड सेंटिमीटरच आलं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

यू-बोल्ट कापून काढा आणि नवेच घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत बसवायचा नाही. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाट्यांना दोन्हीकडून क्लॅम्प लावा, नाहीतर बोल्ट सुटताच पाटे उसळतात. एकेक पाटा वायर ब्रशने घासा. सेंटर बोल्टच्या भोकाभोवती आणि टोकांपाशी बारीक तडे शोधा, रॉकेलचं बोट फिरवून खडूची पूड टाकली की तडा रेघेसारखा दिसतो. ग्रॅफाइट ग्रीस लावून परत रचा. शॅकल पिन आणि बुश झिजले असतील तर आत्ताच बदला.

पाटे कमी करायचे असतील तर मेन पाटा आणि त्याच्या डोळ्याला आधार देणारा दुसरा पाटा कधीही काढू नका. मेन पाटा तुटला की हाउसिंग धरणारा तो दुसराच असतो. सारख्या जाडीच्या नऊ पाट्यांतले खालून तीन काढले तर ताठपणा साधारण दोन-तृतीयांशावर येतो, ट्रकही थोडा खाली बसतो. मग पाट्याला परत कमान देण्याचा मोह होतो. नुसतं तापवून घणाने ठोकलेली कमान काही महिन्यांत बसते. पाट्याचं पोलाद तापवल्यावर त्याला पुन्हा नीट पाणी द्यावं लागतं, ते ज्याच्याकडे होतं त्यालाच काम द्या.

टायरचं सांगायचं राहू नये. माल भरलेल्या ट्रकचा दाब रिकाम्या ट्रकमध्ये ठेवला तर कुठलंही सस्पेन्शन हरतं. टायर कंपनीच्या तक्त्यात तुमच्या मापासमोर वजनाप्रमाणे दाब दिलेला असतो. धरमकाट्याची पावती इथेही उपयोगी पडते.

४. आता ठरवा

एवढं करून ट्रक चालवा. वाडीहून अमरावती रोडने दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या. समाधान झालं असेल तर इथेच थांबा, सीटखाली चांगलं सस्पेन्शन बसवा आणि उरलेल्या पैशांत दुसरं काहीतरी करा. ज्यांना फक्त आपली कंबर वाचवायची आहे त्यांना हवेची सीट बराच आराम देते आणि चेसिसला हातही लागत नाही. शोरूमसारखा मूळ रूपातला ट्रक ठेवायचा असेल त्यांनीही इथेच थांबावं.

पुढे दोन वाटा उरतात. एक, पाटे तसेच ठेवून मध्ये मदतीचा फुगा टाकायचा. बाजारात हीच वाट सगळ्यात जास्त खपते आणि आरामासाठी हीच सगळ्यात निरुपयोगी आहे. असा फुगा पाट्याच्या जोडीने वजन उचलतो, म्हणजे ताठपणात भर घालतो. माल भरल्यावर मागे बसणाऱ्या गाडीला तो ठीक आहे, रिकाम्या आपटणाऱ्या ट्रकला नाही. पाट्यांचा गठ्ठा बराच हलका करून, मेन पाटा फक्त हाउसिंग धरण्यापुरता ठेवून त्यावर फुगा टाकला तर मधला मार्ग निघतो. पण मेन पाटा ब्रेक मारताना इंग्रजी एससारखा मुरडतो, हे ध्यानात ठेवून काम करावं लागतं.

दुसरी वाट म्हणजे मागचे पाटे पूर्ण काढून आर्म (हाउसिंगला चेसिसशी जोडणारे दांडे) आणि फुगे. या लेखाचा पुढचा भाग याच वाटेचा आहे. पुढच्या ॲक्सलला मात्र हात लावू नका, निदान पहिल्या खेपेला. पुढे पाटा ज्या कमानीत वरखाली होतो तिच्याशी स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकची (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याची) कमान जुळवलेली असते. पाटा काढून आर्म लावले की ती जुळणी मोडते आणि खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. पुढचे पाटे तिसऱ्या पायरीप्रमाणे मोकळे आणि हलके करा. मागे लोण्यासारखं मऊ आणि पुढे दगडासारखं ताठ ठेवलं तर ट्रक घोड्यासारखा पुढेमागे डुलतो.

५. कापायच्या आधी कागद

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीत आणि कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. तुमची पासिंग एमएच-३१ ची असो, ४० ची की ४९ ची, त्या आरटीओत आधी लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. विमा कंपनीलाही कळवा. २०२१ च्या व्हिंटेज नियमांचा आधार इथे मिळत नाही: ते ५० वर्षांवरच्या दुचाकींना आणि प्रवासी वापराच्या चारचाकींना आहेत, मालट्रकला नाहीत. त्यातही चेसिसमध्ये मोठा फेरफार चालत नाही.

म्हणून नियम एकच: चेसिसला जे जोडायचं ते शक्यतो नटबोल्टने, मूळ भोकांत. पुढे कधी पाटे परत बसवावे लागले तर एका रविवारी बसले पाहिजेत.

६. फुगा निवडणं

फुग्याचं गणित शाळेतलं आहे. दाब गुणिले क्षेत्रफळ बरोबर वजन. दर बाजूला ५०० किलो आहेत आणि फुग्याचा कामाचा व्यास १५ सेंटिमीटर आहे, तर क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर. ५०० भागिले १७७, म्हणजे २.८ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, ४० पीएसआय. शंभर पीएसआयपर्यंतच्या फुग्याला हे छान: रिकाम्यात चाळीस, थोडं सामान टाकलं तरी वर बरीच जागा.

आता नेहमीची चूक. जुन्या बसचा बेलो (हवेचा फुगा) स्वस्तात मिळतो, जाडजूड दिसतो, घेऊन टाकतात. त्याचा कामाचा व्यास २५ सेंटिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ ४९१. त्याच ५०० किलोंना दाब लागतो जेमतेम १५ पीएसआय. एवढ्या कमी हवेत रबराची घडी नीट फुगून राहत नाही, खड्ड्यात आतल्या आत चिमटली जाते आणि काही महिन्यांत तिथेच फाटते. शिवाय वापरलेल्या रबराचं वय कळत नाही. घडी दोन बोटांनी ताणून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसल्या तर तो फुगा फुकटही नको.

दोन प्रकार मिळतात. डमरूसारखा दोन-तीन वळ्यांचा, बुटका, वजनदार कामाचा, पण थोडा ताठ. आणि पिस्टनवर गुंडाळत जाणारा नळकांड्यासारखा, जो लांब हालचालीत मऊ राहतो. आरामासाठी दुसरा. जागाच नसेल तर पहिला.

फुगा हाउसिंगच्या बरोबर वर बसेल असं नाही. आर्म चेसिसला जिथे टांगला आहे तिथून हाउसिंग ९० सेंटिमीटरवर आणि फुगा १२० वर, म्हणजे हाउसिंगच्या मागे असेल, तर फुग्यावर येतात ५०० गुणिले ९० भागिले १२०, म्हणजे ३७५ किलो. तोच पुढे ६० वर बसवला तर ७५०. फुगा घेण्याआधी जागा ठरवा, जागेप्रमाणे वजन काढा, मग माप घ्या. हा क्रम उलटा झाला की काम दोनदा होतं.

जोडटायरच्या ट्रकात आतला टायर आणि चेसिस यांत जागा फार थोडी. फुगा पूर्ण फुगल्यावर चहूबाजूंनी २५ मिलिमीटर मोकळे हवेतच. टायर वजनाखाली फुगतो, तो फरकही त्यात धरा.

७. हाउसिंग धरणं

पाटे निघाले की हाउसिंगला चेसिसशी बांधणारं काही उरत नाही. चार आर्म लावा, दोन खाली, दोन वर. खालचे लांब आणि रिकाम्या उंचीला जवळजवळ जमिनीला समांतर. वरचे हाउसिंगला गोल फिरण्यापासून अडवतात. चारही आर्म सरळ पुढेमागे असतील तर हाउसिंग बाजूला सरकू नये म्हणून एक आडवी रॉड लागते, एक टोक चेसिसला, दुसरं हाउसिंगला. ही रॉड शक्य तितकी लांब आणि चालत्या उंचीला आडवी ठेवा. चाक ८ सेंटिमीटर वर गेलं की ७० सेंटिमीटरची रॉड हाउसिंगला सुमारे ४-५ मिलिमीटर बाजूला ओढते, ४० सेंटिमीटरची मात्र ८ मिलिमीटर. मागून ट्रक शेपूट हलवल्यासारखा वाटतो तो यामुळे.

क्रम महत्त्वाचा आहे:

आधी ट्रकला चालत्या उंचीवर घोड्यांवर उभा करा, फुग्याच्या जागी तेवढ्याच उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा कोन आणि हाउसिंगच्या तोंडाचा कोन कोनमापीने घ्या. दोन्ही एकमेकांना समांतर हवेत, फार तर एक अंशाचा फरक, आणि क्रॉसचा (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाच्या सांध्याचा) चालता कोन एक ते तीन अंशांत. प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधल्या बेअरिंगची उंचीही याच वेळी बघा. मग ब्रॅकेटना नुसते टाके मारा. सगळं एकदा वरखाली करून बघा. मगच पूर्ण वेल्डिंग.

वेल्डिंग हाउसिंगवरच्या ब्रॅकेटचं. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवं वेल्डिंग करायचं नाही, भोकही पाडायचं नाही. ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो आणि तडा वेल्डच्या कडेने सुरू होतो. भोकं उभ्या भागात, बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे. बॅटरी सोडा. वेल्डिंगची अर्थिंगची वायर कामाच्या जवळच लावा, नाहीतर करंट चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर डाग पडतात. फुगे त्या वेळी जागेवर नकोतच. असतीलच तर ओलं गोणपाट टाका, एक ठिणगी पुरते.

८. शॉकअप, ठोकळा, पट्टा

बऱ्याच जुन्या ट्रकांना मागे शॉकअपच नसतात. पाट्यांच्या घासण्यावर काम भागतं. फुग्यात घासणं नाही, त्यामुळे शॉकअपशिवाय ट्रक एका गतिरोधकानंतर चार-पाच वेळा डुलतो आणि ब्रेकला टायर जमिनीला धरत नाहीत. शॉकअप जितके बाहेर, चाकाजवळ लावाल तितके चांगले. उभ्यापासून पंधरा-वीस अंशांपेक्षा जास्त तिरके लावू नका.

वर जाण्याची हद्द रबरी ठोकळ्याने बांधा. रात्री कामठी रोडला फुगा फुटला तर ट्रक ठोकळ्यावर बसला पाहिजे, टायर हौद्याला लागता कामा नये, आणि ताशी वीसने घरी येता आलं पाहिजे. खाली लटकण्याची हद्द शॉकअपने किंवा जाड पट्ट्याने बांधा. नाहीतर जॅकवर उचलताच हाउसिंगचं सगळं वजन फुग्याला लोंबकळतं आणि तो पिस्टनवरून निसटतो. या सगळ्यात खालच्या स्थितीत ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल ताणत नाही ना, हे हाताने तपासा.

फुगे एकमेकांच्या जवळ आणि मऊ, म्हणून वळणावर ट्रक झुकतो. मागे स्टॅबिलायझर बार लावाच. उंच बॉडी असेल तर हा पर्याय नाही, सक्ती आहे.

९. हवा कुठून

ट्रकला हवेचे ब्रेक असतील तर ब्रेकच्या टाकीला सरळ टी मारून फुग्यांना हवा देऊ नका. फुगा फुटला की ब्रेकची हवा गेली. मध्ये प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवा, जो ब्रेकचा दाब सुरक्षित पातळीच्या खाली जाऊच देत नाही. साधे हायड्रॉलिक ब्रेक असतील तर स्वतंत्र कंप्रेसर.

आधी बॅटरी बघा. १२ व्होल्टचा कंप्रेसर सहज मिळतो, तो पंचवीस अँपिअरच्या आसपास खेचतो: ६ चौरस मिलिमीटरची वायर, ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, रिले. डॅशबोर्डवरच्या बटणातून हा करंट नेऊ नका, बटण वितळतं. २४ व्होल्टच्या ट्रकला २४ चाच कंप्रेसर, एका बॅटरीवरून अर्धे व्होल्ट चोरायचे नाहीत.

टाकी मागच्या दोन फुग्यांना १० ते १२ लिटरची पुरे. गणित असं: प्रत्येकी साडेतीन लिटरचे दोन फुगे ४० पीएसआयपर्यंत भरायला मोकळी हवा सुमारे १९ लिटर लागते. १० लिटरची टाकी १५० वरून ११० पीएसआयवर येताना २७ लिटर देते. टाकीच्या तळाशी ड्रेन कॉक असलाच पाहिजे आणि पावसाळ्यात तो रोज उघडायचा. जूनअखेरीला नागपूरची हवा पाण्याने भरलेली असते, ते पाणी टाकीत साचतं आणि व्हॉल्व्हमध्ये गंज धरतं.

कंप्रेसर सायलेन्सरपासून लांब, वारा लागेल असा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना बंद पेटीतला कंप्रेसर दहा मिनिटांत तापून आपला आपण बंद पडतो. मग लोक वायरिंगला दोष देतात.

नायलॉनचा पाइप कटरनेच कापा. पकडीने कापलेलं टोक लंबगोल होतं आणि तिथून आयुष्यभर हवा गळते. सायलेन्सरपासून वीतभर अंतर. प्रत्येक फुग्याला स्वतःची लाइन. डावा-उजवा एका टीने जोडले की वळणावर बाहेरच्या फुग्यातली हवा आतल्यात पळते आणि ट्रक कलंडल्यासारखा झुकतो.

उंची हाताने सोडणाऱ्या व्हॉल्व्हने राखायची की आपोआप राखणाऱ्या लेव्हलिंग व्हॉल्व्हने? दुसरा घ्या. फुग्यातला दाब वजनाने ठरतो, ऊन त्याला वाढवत नाही, फुग्याला मोठा करतं. सकाळी २५ अंशांत लावलेली उंची दुपारी ६० अंशांना तापलेल्या फुग्यात बोट-दीड बोट वर जाते, रात्री परत खाली. लेव्हलिंग व्हॉल्व्ह हे बघून घेतो. फक्त मागे हवा असेल तर दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह चालतात. पुढेही कधी हवा टाकलीत तर पुढे एकच व्हॉल्व्ह, एकूण तीन. चार कोपऱ्यांना चार लावले तर ते एकमेकांशी भांडत बसतात, तीन पायांचं स्टूल डुगडुगत नाही त्याच कारणाने.

१०. पहिली हवा आणि पहिला रस्ता

ट्रक घोड्यांवर असतानाच २० पीएसआय भरा आणि फुग्याची घडी सरळ बसली का बघा. मग चालता दाब. साबणाचं पाणी प्रत्येक जोडाला, प्रत्येक व्हॉल्व्हला. रात्री मडगार्डची उंची खडूने भिंतीवर लिहा. सकाळी ५ मिलिमीटर खाली आला तर ती थंडी, ३० मिलिमीटर खाली आला तर ती गळती.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, ताशी ३०. मग ब्रेक. मग गतिरोधक. मग सिमेंटच्या जोडांवर ४७. ५० किलोमीटरनंतर आणि ५०० नंतर सगळे बोल्ट पुन्हा कसा.

नंतर त्रास झालाच तर खूण ओळखा. एकच बाजू सकाळी बसलेली असेल तर आधी फिटिंग, मग व्हॉल्व्ह, फुगा सगळ्यात शेवटी. कंप्रेसर दर दोन मिनिटांनी सुरू होत असेल तर गळती किंवा टाकीचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि दुर्लक्ष केलंत तर कंप्रेसर जळणार. पन्नासच्या आसपास पायाखाली थरथर म्हणजे हाउसिंगचा कोन चुकला. ब्रेक मारताना ‘टक्’ आवाज म्हणजे आर्मचा बुश. आणि फुग्याच्या घडीत अडकलेली काळी माती वाळली की पॉलिशपेपरसारखी रबर घासते: शेतातून आल्यावर पाण्याच्या फवाऱ्याने घडी धुवा, डिझेल किंवा ऑइलचा हात लागू देऊ नका.

काढलेले पाटे भंगारात घालू नका. डावे-उजवे वेगळे बांधा, प्रत्येक गठ्ठ्याला तारेने पत्र्याची चिठ्ठी लावा, ग्रीस चोपडून गोणपाटात गुंडाळा. शॅकल, पिन आणि हँगरचे बोल्ट त्याच गठ्ठ्याबरोबर ठेवा.